छातीत दुखत असल्यामुळे

मी, शरच्चंद्र भीमराव निपाणीकर, वय वर्षे सदुसष्ट, धंदा वकिली, राहणार इंदिरानगर, बेंगळूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. बाकीच्या अवयवांचे निवेदन पुढे कलमवार येईल. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. रक्ताचा आहे, त्याला गोळी चालू आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. दुसऱ्यांची शेकड्याने केली. स्वतःचे करायला सवड झाली नाही.

हे मराठीत लिहिले, कारण कोर्टाशी मी इंग्रजीत बोलतो, चिकपेटात कन्नडमध्ये, पण स्वतःला शिव्या मला मराठीतच नीट देता येतात. माझा टायपिस्ट देवाप्पा याचा इंग्रजी तर्जुमा करून सोबत लावील. त्यात मी जास्त शहाणा दिसेन.

कलम १. इंदिरानगरचे राहते घर आणि बँकेत जे काही असेल ते माझी पत्नी भाग्यलक्ष्मी हिला. तेहतीस वर्षे तिने माझा दुपारचा डबा भरला आणि संध्याकाळी तो भरलेलाच परत घेतला. एकदा म्हणाली, "अहो, डब्याला रोज कोर्ट दाखवून आणता का?" मी हसलो. त्यातला दहीभात संध्याकाळी ती स्वतः खायची आणि माझ्यासाठी ताजे वाढायची, हे मला हॉस्पिटलात पडल्यावर कळले. घर दिल्याने हे फिटत नाही, पण माझ्याकडे दुसरे काही नाही.

कलम २. माझी आरोग्यविषयक मालमत्ता पुढीलप्रमाणे. लालबागेत फिरण्यासाठी १९८३ साली घेतलेले कॅनव्हासचे बूट, तीन वेळा घातलेले. छाती रुंद करण्याची स्प्रिंग एक. तिच्यावर आम्ही ओल्या छत्र्या टांगतो. योगासनांचे सचित्र पुस्तक, शवासनाच्या पानापर्यंत वाचलेले. हे सर्व ज्याला हवे त्याने न्यावे. माझा काळा कोट मात्र कोणालाही देऊ नये. तो शिंप्याने तीनदा उसवून वाढवला आहे आणि डाव्या खिशात आम्लपित्ताच्या गोळ्यांचा भुगा शिवणीत जाऊन बसला आहे. फाडून फडकी करावीत.

डॉक्टर उपेंद्र माझे मित्र आणि या कागदाचे साक्षीदार. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही दिले की पुढे वांधे होतात, म्हणून त्यांना काही नाही. त्यांनी वीस वर्षे दिलेले सल्ले मी न वापरता जपून ठेवले, ते जसेच्या तसे परत करतो. देवाप्पाही साक्षीदार, म्हणून त्याला टाइपरायटर गेल्या आठवड्यातच हातात दिला.

कलम ३. हे खरे तर कलम नाही, कबुली आहे. १९५१ साली निपाणीहून मी बेंगळूरला एका म्हाताऱ्या वकिलांकडे टायपिस्ट म्हणून आलो. अर्ज टाइप करता करता कायदा शिकलो, मग संध्याकाळच्या कॉलेजात जाऊन पदवी घेतली. शरीर मात्र टाइप करून शिकता आले नाही. आमच्या वकीलसाहेबांचे मत असे होते की वकील चहावर चालतो, आणि मी ते कायद्याइतकेच प्रमाण मानले. सकाळी सहाला चहा, दोन इडल्या उभ्याने, मग संध्याकाळपर्यंत फक्त बोलणे. मोटारीच्या टाकीत पेट्रोल आहे का हे मी बघत असे. स्वतःच्या टाकीचे झाकण कुठे आहे हेच मला माहीत नव्हते.

तयारी अपुरी असेल त्या दिवशी तहकुबीचा अर्ज द्यायचा: वकिलांच्या छातीत दुखत असल्यामुळे पुढील तारीख मिळावी. छातीच का, तर डोके दुखते म्हटले की कोणीतरी गोळी काढून देतो. ताप म्हटले तर न्यायाधीशसाहेब कपाळाकडे बघतात. छातीला मात्र सगळे घाबरतात. हे शास्त्र मी माझ्या प्रत्येक ज्युनियरला शिकवले.

कलम ४. आता जुने वैर. माझ्या ऑफिससमोरच्या गल्लीतले वकील जयतीर्थ यांनी तीस वर्षांत माझी एकही तहकुबी हरकत घेतल्याशिवाय सोडली नाही. "रायरु, तुमची छाती फार हुशार आहे, बरोबर तारखेलाच दुखते," असे ते भर कोर्टात कन्नडमध्ये म्हणत आणि कारकुनापर्यंत सगळे हसत. मी त्यांच्याशी नऊ वर्षे नमस्कारापुरताही बोललो नव्हतो.

फेब्रुवारी १९९४ मध्ये त्यांच्याच विरुद्ध एका वाटणीच्या दाव्यात मी उलटतपासणी घेत होतो. पाऊण वाजता घाम फुटला, डाव्या हाताला मुंग्या आल्या. मी बसलो. मग कसाबसा उठून म्हणालो की साहेब, छातीत दुखते आहे, तारीख मिळावी. कोर्ट हसले. साहेबही हसले, म्हणाले की मागच्या तारखेलाही दुखत होते.

आयुष्यात प्रथमच मी कोर्टात निव्वळ खरे बोललो होतो, आणि त्याला पुरावा नव्हता.

तेव्हा जयतीर्थ उठले. मी मनात म्हटले, झाले, हा मला इथेच मारणार. ते म्हणाले, "साहेब, आज आमची हरकत नाही. गाडी मागवा." आणि साहेबांची परवानगी येण्याआधीच त्यांनी माझ्या काखेत हात घातला.

हॉस्पिटलात भेटायला आले तेव्हा मी विचारले, तुम्हाला कसे कळले. ते म्हणाले, "खोटं दुखतं तेव्हा तुमचा हात छातीवर असतो. त्या दिवशी दोन्ही हात टेबलावर होते आणि पेनाला टोपण लावलेलं होतं. उलटतपासणी अर्धी टाकून तुम्ही कधी टोपण लावत नाही." तीस वर्षे माझ्याकडे इतके नीट बघणारा माणूस मी शत्रू म्हणून ठेवला होता. सबब वैर रद्द. त्यांना माझे ते पेन, टोपणासह.

कलम ५. चिकपेटातील कापडाच्या दुकानावरचे ऑफिस, एकतीस पायऱ्यांसह, माझी मुलगी शुभदा हिला. सात वर्षे ती माझ्याबरोबर वकिली करते आणि माझ्यापेक्षा चांगली करते.

हे मृत्युपत्र खरे तर या कलमासाठी लिहिले. गेल्या महिन्यात शुभदा तिसऱ्या पायरीवर बसलेली सापडली. मांडीवर फायली, चेहरा पांढरा. विचारले तर म्हणाली, "काही नाही अण्णा, स्वल्प चक्कर. कोर्टातच खाल्लं मी." देवाप्पाने तिच्या पाठीमागून नकारार्थी मान हलवली. डबा भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर एक अर्ज दिसला. तिचे अक्षर, माझे शब्द: वकिलांच्या छातीत दुखत असल्यामुळे. मी विचारले, छातीच का? तिने मान वर न करता सांगितले, "ताप लिहिला तर साहेब कपाळाकडे बघतात, अण्णा."

मी वाटायला बसण्याआधीच पोरीने इस्टेट घेतली होती.

म्हणून मी अशी अट घातली की जी रोज दुपारी जेवेल तिलाच ऑफिस. शुभदाने मसुदा वाचला आणि म्हणाली की ही अट कोर्टात एक दिवस टिकणार नाही. बरोबर आहे, मीच शिकवले तिला. अट काढली. ऑफिस तिचे, विनाअट. फक्त विनंती अशी की माझ्या मरणाच्या कारणाने तिने एकच तारीख मागावी. ते कारण खरे असेल.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी जयतीर्थ यांनी करावी. ऑफिसची दुसरी किल्ली त्यांच्याकडे राहील. दीड वाजता त्यांनी आपला डबा घेऊन पायऱ्या चढाव्यात, शुभदाच्या समोर बसावे, आणि ती जेवत नसेल तर हरकत घ्यावी. या कामाचा त्यांचा अनुभव दांडगा आहे. त्यांनी "सरी" म्हणून मान्यता दिली आहे.

हाताने वाढवलेला मजकूर: आज सही दीड वाजता ऑफिसात करायची ठरली होती. कोर्टाला सुट्टी असूनही शुभदा फाइल घेऊन आली आणि कोपऱ्यात लिहीत बसली. मी पेन उचलले तेव्हा जयतीर्थ म्हणाले, "हरकत आहे." सही तहकूब झाली. शुभदाने आमच्याकडे पाहिले आणि पेनाला टोपण लावले. मी खुर्चीतून अर्धा उठलो. मग तिने डबा पुढे ओढून उघडला. मेथीची भाजी, भाकरी, दहीभात. शेवटचे शीत निपटेपर्यंत जयतीर्थ, दोन्ही साक्षीदार आणि मी, असे आम्ही चौघेही आपापल्या डब्यांकडे बघत राहिलो, म्हणजे तिला संकोच नको.

सही: श. भी. निपाणीकर

साक्षीदार १: डॉ. उपेंद्र. लिहून देणाऱ्याची अक्कल शाबूत असल्याची खात्री केली. प्रकृतीची हमी देत नाही.

साक्षीदार २: देवाप्पा, टायपिस्ट. सही माझ्यासमोर झाली. डबा रिकामा पाहिला.

ठिकाण: चिकपेट, बेंगळूर
तारीख: शनिवार, ८ जून १९९६
वेळ: दुपारी पावणेतीन, जेवणानंतर