लाल नेलपॉलिश

मंगळवार, ९ डिसेंबर. भिसेगाव

सकाळी खोपोलीला जाऊन सीडी प्लेयर दुरुस्त करून आणला. सुमन गेली त्या आठवड्यापासून ट्रे उघडत नव्हता, आणि भाकऱ्या थापताना ती लावायची ती गाण्यांची सीडी आतच अडकलेली.

दुरुस्तीच्या दुकानात इक्बालभाईंनी झाकण काढलं आणि हसायलाच लागले. "सर, ही कारागिरी कुणाची? ट्रे सरकवणाऱ्या चाकाचा दात तुटलाय, तिथं कंगव्याचा दात बसवलाय. नेलपॉलिशनं चिकटवून! तुमी केलंत?"

मी नाही. विजेच्या वस्तूंना हात लावू नकोस, म्हणून मी सुमनवर ओरडायचो. म्हणजे मी शाळेत गेल्यावर तिनं केलं असणार. आमच्या लेकीची लाल नेलपॉलिश. मला बोलली का नाही? ओरडलो असतो, म्हणूनच.

"हा बी झिजलाय आता. बदलू ना?"

बदललं तर तिनं बसवलेला दात जाणार. नाही बदललं तर तिची सीडी आतच राहणार. शेवटी हो म्हणालो. त्यांनी दुसऱ्या जुन्या प्लेयरमधलं चाक काढून बसवलं. तिचं चाक मी मागून घेतलं. लाल रंग अजून चकचकीत आहे.

संध्याकाळी पहिलं गाणं पूर्ण ऐकलं. मग मोठ्याने म्हणालो, "छान केलं होतंस गं."

उठलो आणि दोरीवरचे कपडे आत आणले.