आधी जेवा, मंग सांगा

मामंजी,

तुमच्यावर लेख लिहून द्या म्हणून मंडळी घरी येऊन गेली, तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आता तुमची स्मरणिका निघतेय. वर तुमचा तो टोपीतला फोटो, आत मोठमोठ्यांचे लेख, आणि सूनबाईंनी तुमच्या मुलाखत घेण्याच्या हातोटीवर लिहायचं. विश्वासार्ह पत्रकारितेचा आदर्श म्हणे तुम्ही. त्यातला एकजण तर सांगायला लागला की तुम्ही अमीनाच्या डोळ्याला डोळा भिडवून प्रश्न विचारायचात आणि त्याला घाम फुटायचा. अमीन म्हणजे आपल्या वेळचा फौजदार, हे त्या पोराला ठाऊक तरी होतं की नाही कोण जाणे. घाम फुटला होता हे खरं, पण तो माझ्या ठेच्याने. तुम्हीच मला म्हणालात, "सूनबाई, साहेबांना दही वाढा जल्दी."

हातोटी कसली डोंबलाची! तुमची हातोटी म्हणजे माझी चूल. हैदराबाद संस्थानात खरं छापायची सोय नव्हती, म्हणून तुम्ही हद्दीपलीकडच्या साप्ताहिकाला बातम्या पाठवायचात, मनमाडच्या गाडीने, कुणाच्या तरी शिदोरीत घालून. सगळा मुलूख म्हणायचा, यांनी लिहिलं म्हणजे खरंच असणार. आणि त्या खऱ्यासाठी मी दिवसभर भाकऱ्या थापायची. आलेल्या माणसाला तुम्ही प्रश्नच विचारायचा नाहीत. "आधी जेवा, मंग सांगा." झालं, की मी पुन्हा पिठात हात घालायचा. जेवताना बैलांची चौकशी, पेरणीची चौकशी, लेकीचं सासर कुठलं. मी तव्याशी चरफडायची, की अहो विचारा ना एकदाचं काय ते. तुम्ही आपले ताकाचा भुरका मारत गप्प. इतके गप्प बसायचात की समोरच्यालाच अवघड व्हायचं आणि तो आपणहून बोलायला लागायचा. पानावर बसलेल्या माणसासमोर कधी कागद काढला नाहीत. त्याने हात धुतले की मग आत जाऊन लिहायचात.

आणि ते उलटं सांगायला लावणं! पहिल्यांदा सरळ ऐकून घ्यायचं, आणि मग म्हणायचं, "आता शेवटापासून मागं मागं सांगा." रचून आणलेलं असलं की माणूस मधेच अडकतो, आणि घडलेलं असलं की सरळ सांगताना गाळलेलं उलट्या वाटेवर सापडतं, असं तुमचं गणित होतं. बाहेरच्यांना लावत होतात तोवर ठीक होतं. लोणच्याची बरणी फुटली तेव्हा मलाही तुम्ही शेवटापासून सांगायला लावलंत, आणि मांजराचं नाव घेऊन बसलेली मी बरोबर सापडले. त्या दिवशी मी तुम्हाला मुद्दाम खारट आमटी वाढली. तुम्ही ती काही न बोलता खाल्लीत, याचा मला आणखीच संताप आला.

सगळ्यात वाईट ती तुमची शेवटची खोड. लिहून झालं की सांगणाऱ्याला वाचून दाखवायचं. तो म्हणाला हे खोडा, तर खोडायचं. त्या अमीनानेही आपलं अर्धं बोलणं मागे घेतलं आणि तुम्ही मुकाट रेघ मारलीत. मी तेव्हा बोललेच. म्हटलं, आपली पोरं पकडून नेणाऱ्याला माझ्या हातची भाकरी, आणि वर त्याच्या मर्जीने बातमी? तुम्ही शांतपणे म्हणालात, "त्यानं त्याचं बोलणं खोडलं. पकडलेल्या पोरांच्या आईबापांचं न्हाई खोडलं. ते जाऊन राह्यलंय ना छापायला?" ते छापून आलंही. पण माझा राग गेला नाही.

मग ती बाई आली. संस्थानच्या शेवटच्या उन्हाळ्यात, शहागडच्या अलीकडच्या गावातून, भाजलेल्या हाताला चिंधी बांधून. तिला तुम्ही ओसरीवर बसवलं नाहीत, थेट माझ्याजवळ चुलीपाशी बसवलंत आणि स्वतः उंबऱ्यावर बसलात. तिला घास गिळवत नव्हता. तरी तुम्ही थांबलात. अर्धी भाकरी पोटात गेल्यावर तिने सांगितलं, की वर्दीवाले आले, भरदुपारी घर पेटवलं, आजारी नवरा आत होता, त्याला काढता आलं नाही. मी रडत होते. तुम्ही तिला पाणी दिलंत, आणि जरा वेळाने तुमच्या त्या आवाजात म्हणालात, "बाई, आता शेवटापासून सांगता येईल का?" मला तुमच्या अंगावर तवा फेकावासा वाटला.

ती सांगायला लागली. जालन्याची वाट, त्याआधी शेजारणीचं घर, त्याआधी राख, त्याआधी धूर, त्याआधी दारावरच्या लाथा. "आन् त्याच्या आधी," ती म्हणाली, "बोळाच्या तोंडाशी तो हुबा व्हता. हात करून आमचंच घर दावीत व्हता त्यास्नी." आणि नाव तिच्या तोंडून निघून गेलं. वर्दीवाल्याचं नव्हतं ते. तिच्याच गावातला मोठा जमीनदार, ज्याच्याशी तिच्या नवऱ्याचा बांधावरून वाद होता. सरळ सांगताना तिने तो माणूस गाळला होता. तुमच्या उलट्या वाटेवर तो सापडला.

तुम्ही आत जाऊन लिहिलंत, बाहेर येऊन तिला वाचून दाखवलंत. नाव आलं तसे तिने पदराने तोंड झाकलं. "त्येवढं खोडा, मालक. मला त्याच गावात राह्यचंय. एक लेकरू हाय माझं." आणि तुम्ही खोडलंत! वर्दीवाल्यांना घरं दाखवणाऱ्या ज्या फितुराच्या नावासाठी सबंध मुलुखातले लोक जीव टाकत होते, ते तुमच्या हातात आपणहून पडलं होतं, आणि तुम्ही त्यावर रेघ मारून वर लिहिलंत, 'गावातल्या एकाने घर दाखवले.' ती गेल्यावर मी खूप बोलले. तुम्हाला भित्रासुद्धा म्हणाले. तुम्ही एवढंच म्हणालात, "सूनबाई, मी तिला फशी पाडून काढून घेतलं ते. तिनं दिलं न्हाई." मला ते तेव्हा पटलं नाही.

मला एकटीलाच नाही. बातमी छापून आली आणि आपलेच लोक दारात आले. तो एक कोण, सांगा. तुम्ही सांगेनात. मग सुरू झालं, की बातमीदार फुटला, जमीनदाराचं खाल्लं असेल. इतक्या वर्षांची तुमची पत त्या एका ओळीने घालवली. तुमचे चिरंजीव तुमच्या पंगतीला बसेनासे झाले. मी वाढायची ती दोन वेगळ्या वेळी, आणि दोन्ही वेळा मनात धुसफुसायची. मग सैन्य आलं, संस्थान गेलं, चौकात पेढे वाटले गेले, आणि तुम्ही तापाने अंथरूण धरलं. विचारायला कुणी आलं नाही. शेवटपर्यंत ते नाव तुम्ही घेतलं नाहीत, आणि ते माहीत असलेली तिसरी मी उरले.

आता ऐका. तुमच्या स्मरणिकेचा अध्यक्ष कोण आहे? तोच. बोळाच्या तोंडाशी उभा असलेला. म्हातारा झालाय, गळ्यात हार मावत नाहीत, संस्थानाविरुद्ध लढलेला म्हणून मिरवतो, त्याच्या नावाने शाळा आहेत. तुमचा जिवलग होता म्हणे! माझ्याच बैठकीत बसून, माझाच चहा पीत मला सांगून गेला. तो गेल्यावर मी कप आपटून फोडला आणि लिहायला बसले. सगळं लिहिलं. भाकऱ्या, अमीन, उलटं सांगणं, ती बाई, आणि त्याचं नाव, चांगलं ठळक अक्षरात. म्हटलं, तुमची गेलेली पत मी परत आणते.

लिहून झालं, आणि पाकिटात घालता येईना. तुमची खोड, दुसरं काय. शोध काढला. ती बाई तीर्थपुरीला मुलापाशी असते. एसटीने गेले. तिने मला ओळखलं ते चुलीवरून. म्हणाली, तूच भाकऱ्या करीत व्हतीस. मी पिशवीतून कागद काढायला गेले, तर तिने हात धरला. "आधी जेव, मंग वाच." तिच्या सुनेने पिठलं केलं होतं. जेवले. मग वाचून दाखवलं.

"नातू त्याच्याच शाळेत मास्तर हाय," ती म्हणाली. "अजून कायम न्हाई झाला. म्हाताऱ्यानं खोडलं व्हतं की ते. तू परत कामून लिवलंस?"

मी तिला खूप समजावलं, मामंजी. आता राज्य आपलं आहे, आता कुणाला भ्यायचं, तुझ्या नवऱ्याला न्याय नको का. तुम्ही कधीच बोलला नसतात इतकं बोलले. तिने पदर तोंडाला लावला, अगदी तसाच. मग मी पेन मागून घेतलं.

लेख मंडळी घेऊन गेली. परवा समारंभात अध्यक्ष स्वतः त्यातला भाग वाचणार आहेत. त्यात ती ओळ आहे, 'गावातल्या एकाने घर दाखवले,' आणि ती वाचताना मी पहिल्या रांगेत बसून त्याच्या तोंडाकडे बघणार आहे. यापलीकडे माझ्या हातून काही झालं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला कळत नाही. चूल गेली, गॅस आलाय, नाहीतर तिथेच टाकलं असतं. इतकी वर्षं रोज स्वयंपाक करताना मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडायची. तीर्थपुरीहून आले तेव्हापासून भांडता येत नाही. सवयीने सुरुवात करते, आणि पुढे बोलायला काही सुचत नाही.