माझ्या 'हो'वाचून अडलेला बँड

३ ऑक्टोबर, सकाळ
रोजनिशीबाई, बरी आहेस ना? आमच्या बायकोचा, थ्रिनाचा, गुडघा बरा असावा. आवाजाला जोर आलाय. मांजर अंगाने सुटलंय. माझी बोटं किंचित आखडलीत. गिटारची तब्येत मात्र कळत नाही. ते लहान बहिणीकडे, रिहुनकडे आहे.
ओस्बर्ट ड्रमवाला आमचा जुना बँड पुन्हा उभा करतोय. आमच्याच शहरात, लैतुमख्राह भागातल्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. बेस गिटार तेव्हा माझं होतं, म्हणजे आताही माझंच. अजून बोलावणं आलेलं नाही. लाजत असेल.
थ्रिना म्हणाली, आधी जिना चढताना लागणारा दम आवरा.

५ ऑक्टोबर
रिहुनकडे गेलो. लग्नाआधी घेतलेली वस्तू आईच्या घराची, आणि आईचं घर धाकट्या लेकीचं. रीतच आहे आमची, वाद नाही. नुसतं उसनं मागितलं. चहा आला, क्वाईचं सुपारी-पान आलं, मांस घालून शिजवलेला जादोह भातसुद्धा आला. गिटार आलं नाही. म्हणे दुरुस्तीला दिलंय. कुणाकडे, ते तिला आठवेना!
भाची दारिशा खाली मान घालून बसलेली. तिच्या डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडलेत. पोरीला घरात फार राबवतात. रिहुनला एकदा बोललं पाहिजे.

११ ऑक्टोबर
झाडूच्या दांड्यावर सराव सुरू केला. हात अजून तसाच चालतो. थ्रिना म्हणाली, घेतलाच आहात तर तो कोपराही झाडून काढा. काढला. कलावंताची घरात ही किंमत.

१८ ऑक्टोबर, दुपार
ओस्बर्ट आला. संत्री घेऊन! याने जन्मात कधी कुणाला काही दिलेलं नाही. एकेकाची तब्येत विचारली, मांजराचीही. मला तेव्हाच वास आला.
शेवटी आदराने म्हणाला, "बाह, आमचं सगळं तुमच्या एका 'हो'वर अडलंय. असा बेस वाजवणारं माणूस तुमच्या आईच्या घराबाहेर मिळायचं नाही."
मी ताबडतोब ओळखलं. तरी क्वाई चघळत त्याला ताटकळत ठेवलं, मग भारदस्तपणे म्हणालो, "हो." गड्याचे डोळे भरून आले.
थ्रिनाने विचारलं, नक्की कशाला हो म्हणालात? जळते.

२५ ऑक्टोबर
तालमीचं बोलावणं नाही. जाणत्याला तालीम कशाला, हेही खरं. पण रिहुनच्या खिडकीतून बेस ऐकू येत होता. मी दार वाजवलं आणि गप्प! म्हणाली, रेडिओ होता. रेडिओवर कुणीतरी माझी ढब चोरतंय. शोध घेणार.

२ नोव्हेंबर, संध्याकाळ
कातडी जाकीट चढवलं. चेन लागेना, पण उघडंच जास्त शोभतं. मागच्या दाराने स्टेजकडे निघालो, तर ओस्बर्टने हाताला धरून पहिल्या रांगेत आणून बसवलं. खुर्चीवर कागद चिकटवलेला: 'मामा'.
दिवे लागले. स्टेजवर दारिशा. गळ्यात माझं गिटार.
ओस्बर्ट माइकवर म्हणाला, "हिच्या मामांनी परवानगी दिली, म्हणून आज ही आमच्यात आहे." टाळ्या पडल्या. मी उठून वाकलो. दुसरं काय करणार? आमच्यात भाचीने घराबाहेर असं काही करायचं तर मामाचा होकार लागतो. ती संत्री त्या होकारासाठी होती.
शेजारी रिहुन पुटपुटली, "दादा, रागावू नकोस. तू गिटार मागितलंस आणि माझी जीभच उचलेना. पोरगी रात्रंदिवस त्यालाच धरून असते."
मी म्हणालो, मला पहिल्यापासून माहीत होतं.
तिसऱ्या गाण्यात एक घसरती जागा आहे. माझी दर वेळी फसायची. पोरीने ती अलगद घेतली. माझी बोटं खुर्चीच्या दांडीवर चालत होती. थ्रिनाने पाहिलं. तिने क्वाईचं पान हातात ठेवलं.

३ नोव्हेंबर
बँड पुढच्या महिन्यात कोहिमाला जातोय. बेसची पेटी जड असते, सवयीचा माणूस लागणार. त्यांना अजून सुचलेलं दिसत नाही. ओस्बर्टला चिठ्ठी धाडली: 'सर्वांची तब्येत ठीक असावी. मी मोकळा आहे. लवकर उत्तर लिही.'