निरोपाची तालीम

१३ मे, सोमवार
संयोगिताला प्रमोशन मिळालं. बँकेनं नागपूर दिलंय, तीन वर्षं. २ जूनला निघायचं. नकार द्यायचा तर २४ तारखेपर्यंत, हे तिनं दोनदा सांगितलं. मी अभिनंदन केलं. बायकोच्या करिअरच्या आड येणारा नवरा मी नाही. यात मोठेपणा किती आणि भित्रेपणा किती, हे प्रामाणिकपणे तपासलं. मोठेपणा जास्त निघाला.

१८ मे, शनिवार
आठवड्यातला चौथा युद्धकालीन प्रेमपट. पहिलं महायुद्ध, फ्रान्स. लेफ्टनंट आणि नर्स. मी इतिहासाचा प्राध्यापक म्हणून बघतो. डोळ्यांतून पाणी येतं ते सायनसमुळे.
निरीक्षण : या सिनेमांत दोघं एकत्र असताना कामाचं काही बोलत नाहीत. गाडी सुटताना बोलतात. म्हणजे बोलायची जागा स्टेशन. तोवर गप्प राहणं हा दोष नाही, रचना आहे.

१९ मे, रविवार
सासरे राहायला आले. सुभेदार लालासाहेब, रिटायर्ड. पाचवा सिनेमा त्यांच्यासोबत पाहिला. नायक खंदकात कंदील लावून प्रेमपत्र लिहीत होता. सासरे अस्वस्थ झाले. "आवं पाव्हणं, त्याला दिवा इजवाय सांगा. गोळी यील."
जेवताना विचारलं, तुम्ही ड्यूटीवर निघायचात तेव्हा सासूबाई स्टेशनवर यायच्या का. हसले. म्हणाले, बनुबाई उंबऱ्याच्या आत उभी राहून हातावर दही घालायची, आणि आपण अंगण ओलांडायच्या आत पाठ फिरवून चुलीकडे जायची. आपणही कधी माघारी बघितलं नाही. त्यांच्या घरातून दह्याशिवाय आजवर कुणी ड्यूटीवर गेलेलं नाही. आणि ते ज्या घरातून निघायचं त्या घरच्या माणसानंच घालायचं, पाहुण्यानं नाही. आपल्या हातानं घेतलेलं चालत नाही.
संयोगिता वाढता वाढता थांबून ऐकत होती.
केवढा कोरडेपणा. आईच्या वाट्याला चमचाभर दही आणि नवऱ्याची पाठ. लेकीला मी स्टेशन देणार.

२४ मे, शुक्रवार
मुदतीचा शेवटचा दिवस. सकाळी तिनं विचारलं, तुमचं म्हणणं काय. जिभेवर आलं होतं, जाऊ नकोस. पण ते वाक्य स्टेशनसाठी राखलंय. म्हणालो, तुझा निर्णय. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. घातलेल्याच मोडून पुन्हा.
शंका : मुदत संपल्यावर त्या वाक्याचा उपयोग काय? सिनेमांत मुदत नसते. यावर शांतपणे विचार करायला हवा.

३० मे, गुरुवार
ओगलेवाडीला स्टेशनवर जाऊन तालीम केली. एका मालगाडीसोबत धावलो. चहावाल्यानं विचारलं, सर, काय राहिलं का गाडीत. प्लॅटफॉर्म संपतो तिथं खडी आहे, आधीच थांबणं आवश्यक. छाती बराच वेळ धडधडत होती. ती वयामुळे की भावनेमुळे, कळलं नाही. पांढरा रुमाल घेतला.

१ जून, शनिवार
तिनं विचारलं, उद्या मी निघताना घरी आहात ना. नॅकच्या तपासणीचं काम आहे, कॉलेजातच असेन, असं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. म्हणजे सरप्राइज टिकलंय. खोटं बोललो याची टोचणी आहे, पण उद्या भरपाई होईल.
झोपायच्या आधी ती दूध विरजताना दिसली. उन्हाळ्यात ताक चांगलंच.

२ जून, रविवार. दुपार, स्टेशन
रुमाल आहे. वाक्य पाठ आहे. ऐन वेळी वाजू नये म्हणून फोन सायलेंट केला. ती दिसत नाही. गर्दीत आधीच डब्याजवळ गेली असेल. गाडी आली.

संध्याकाळी
तिचं तिकीट एसीचं. काळ्या काचा, उघडत नाहीत. याचा विचार केला नव्हता. तिच्या सीटच्या अंदाजानं एका काचेसोबत धावलो. जाऊ नकोस, म्हणालो. तीनदा म्हणालो. खडी यायच्या आधी कुणीतरी काचेला चेहरा लावला. मिशा होत्या. गृहस्थांनी हात हलवला.
घरी आलो. संयोगिता उंबऱ्याच्या आत बॅगेवर बसलेली. शेजारी वाटीत दही. माझ्या फोनवर तिचे मिस्ड कॉल. सासरे अंगणातून म्हणाले, "गाडी गेली आन् तुमी आला व्हय."
ती म्हणाली, "हातावर दही कोण घालणार होतं?"
मग सगळं सांगितलं. रुमालसुद्धा दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.
"म्हणजे जाऊ नको, हे तुम्ही डब्याला सांगितलंत."

३ जून, सोमवार
उद्या तिला नागपुरात हजर व्हायचंय. पुण्यापर्यंत बस, पुढं रेल्वे. सासरे फाटकाशी रिक्षा घेऊन उभे. मी हातावर दही घातलं. थोडं मनगटावर सांडलं. तिनं तळहात चाटला, आणि हात तसाच धरून जरा थांबली. वाक्य म्हणावं का? पण एकदा घोळ घातलाय, आता त्यांच्या घरची रीत मोडू नये. चमचा वाटीत ठेवला. येते, म्हणाली. मी ताबडतोब पाठ फिरवून आत गेलो. खिडकीशीसुद्धा गेलो नाही. एक गोष्ट तरी अचूक पार पाडली.

अकरा वाजता
तिचा मेसेज. "फाटकातून माघारी बघितलं. आमच्या घरात आजवर कुणी बघितलं नव्हतं. दारात कुणीच नव्हतं."
तेव्हा मी आत वाटी घासत होतो.