कॉम्प्युटरमधलं शेवाळ

दीडशहाण्या,

तुझ्या त्या जुन्या गेमच्या कॉम्प्युटरला मी हात लावलेला नाही. कोपऱ्यावरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं, त्यानं खोका उघडला. आतल्या बोर्डावर घड्याळाची एक बॅटरी असते, ती म्हातारी होऊन फुटली. तिच्यातलं पाणी झिरपलं आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खाऊन गेलं. म्हणून पडदा काळा. तू म्हणतोस तसं चहानं नाही.

गेल्या महिन्यात तू झाकण काढून बसला होतास, तेव्हाच मी म्हटलं होतं, आत हिरवं शेवाळ धरलंय, उद्या बेडूक ओरडतील. तू हसलास. बेडकांची थाप माझी होती, कबूल. शेवाळ खरं होतं, त्याच पाण्यानं तांब्यावर चढलेलं. एकदा वाकून बघितलं असतंस, तर पुसून निभावलं असतं.

ते राहिलं बाजूला, आणि काल मित्रांसमोर म्हणालास, "आजीनंच चहा सांडला असणार, आता थापा मारतेय." सगळे हसले. मीही हसले, कवळी लावलेली होती म्हणून.

फुटकी बॅटरी टेबलावर कागदात गुंडाळून ठेवलीय. उघडलीस तर हात साबणानं धू. रेघांच्या जागी बारीक तारा जोडता येतील, असं दुरुस्तीवाला म्हणतो.

मी तुझ्या आत्याकडे चाललेय. त्याच मित्रांना बोलावून खरं काय ते सांग, मगच मला न्यायला ये. नुसता फोन केलास, तर मीच उचलून सांगेन, आजीला मगरीनं गिळलंय, परत येईलसं वाटत नाही.

आजी