आईला न दाखवलेलं नांदेड

प्रिय अण्णा,

'प्रिय' लिहिताना हात जरा थांबला. खोटं कशाला सांगू? तुम्हाला जाऊन सव्वा वर्ष होत आलं आणि इतक्या दिवसांत तुमच्याशी मनातल्या मनातसुद्धा नीट बोलले नाही. आज लिहितेय, कारण सकाळी तुमच्या रविवारच्या मंडळींतले वाघमारे सर घरी येऊन तुमची भटकंतीची वही घेऊन गेले. तिचं पुस्तक करायचंय त्यांना. वही हातातून गेली आणि मला वाटलं, आता बोलायला हरकत नाही.

तुमचे रविवार सगळ्या नांदेडला माहीत होते. पाटबंधारे खात्यातल्या नोकरीत तुम्ही जिल्हाभर फिरलात आणि जे जे दिसलं ते लोकांना दाखवायचं वेड लागलं तुम्हाला. पंधरा-वीस माणसं तरोडा नाक्यावर जमायची. कधी नंदगिरी किल्ल्याच्या बुरुजावर उभं राहून वळणारी गोदावरी बघायची, कधी विष्णुपुरीचं काळेश्वर, कधी थेट देगलूरकडे होट्टलची देवळं. सहस्रकुंड कुठल्या महिन्यात बघावं, उनकेश्वरच्या गरम पाण्यात पाय किती वेळ ठेवावेत, कंधारच्या खंदकावर सकाळचं ऊन कुठून पडतं, हे तुम्हाला घरातल्या मीठ-मिरचीच्या डब्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

सातवीपर्यंत मीही यायचे. तुमच्या स्कूटरवर पुढे उभी राहून यायचे, मोठी झाल्यावर मागे बसून. होट्टलला तुम्ही मला उचलून भिंतीवरची एक बाई दाखवली होती. ती आरशात बघत होती. तुम्ही म्हणालात, "हजार वर्षं झाली, हिचं नटणं अजून संपलं नाही." मी इतकी हसले की देवळातले लोक वळून बघायला लागले. अण्णा, तेव्हा मला वाटायचं, सगळ्या शाळेत माझ्यासारखे वडील कोणाचेच नाहीत.

मग आठवीत गेले आणि तुम्ही म्हणालात, "आता मोठी झालीस. रविवारी आईला मदत करत जा." संजू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो दहावीच्या वर्षीसुद्धा तुमच्याबरोबर येत होता. मोठं होण्याचा नियम त्याला का लागला नाही, हे मी तेव्हा विचारलं नाही. आज विचारते.

त्यानंतरचे माझे रविवार म्हणजे धपाटे. पहाटे आई परातीत पीठ मळायची, मी कांदा-कोथिंबीर चिरायची. ज्वारीचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही. तुमच्या मंडळींत त्या धपाट्यांचं केवढं नाव होतं. सात वाजता तुम्ही डबे उचलायचात आणि निघायचात. आई दारात उभी राहून स्कूटर वळेपर्यंत बघायची आणि मग परात घासायला बसायची.

तुम्ही गेल्यावर तेराव्यानंतर मंडळींनी सभा ठेवली होती. शाळेचा हॉल भरला होता. एकेक जण उठून सांगत होता, अण्णांनी आम्हाला हे दाखवलं, अण्णांनी ते दाखवलं. नाईक मॅडम रडल्या. मग वाघमारे सरांनी माइक आईसमोर धरला. चांगल्या मनानंच विचारलं त्यांनी, "वहिनी, अण्णांनी दाखवलेल्या जागांमधली तुमची सगळ्यात आवडती जागा कोणती?"

आई म्हणाली, "म्या न्हाई बघितली एकबी."

कोणाला तरी ती गंमत वाटली, मागून हसण्याचा आवाज आला. आईनं पदर सावरला आणि तितक्याच शांतपणे म्हणाली, "खरंच न्हाई." मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर होते, अण्णा. मला जमिनीकडे बघवेना आणि वरही बघवेना. कारण त्या क्षणापर्यंत मलाही ही गोष्ट कधी सुचली नव्हती.

तुम्ही सगळ्यांना सांगायचात, "हिला फिरायची आवड नाही." मीही तेच धरून चालले होते.

त्या दिवशी घरी येऊन तुमचं कपाट उघडलं आणि वही वाचायला घेतली. सुंदर लिहायचात तुम्ही. प्रत्येक जागेचा रस्ता, पाणी कुठे मिळेल, सावली कुठे आहे, कोण कोण आलं, कोण काय बोललं. माहूरच्या पानावर लिहिलंय, नाईक मॅडमचा पाय मुरगळला तेव्हा सगळी मंडळी दोन तास थांबली, कोणी कुरकुर केली नाही, याला म्हणतात सोबत. ते वाचून मला तुमचा अभिमान वाटला होता. मग चार पानं उलटली आणि कंधार आलं.

तुमच्याच अक्षरात आहे. "निघताना ही विचारत होती, येऊ का. नको म्हटलं. ही सावकाश चालते, सगळ्यांचा खोळंबा होतो. धपाटे उत्तम झाले होते."

तेव्हा आई पंचेचाळीस वर्षांची असेल. खालच्या नळावरून दोन दोन घागरी घेऊन जिना चढायची. सावकाश चालते हे तुम्ही कधी बघितलंत? तुमच्याबरोबर ती कुठे चालली होती कधी?

मी ते पान आईला दाखवलं नाही. पण पुढच्या रविवारी म्हटलं, "आई, चल, कंधारला जाऊ." आईचे गुडघे आता खरंच गेलेत. एसटीत चढताना कंडक्टरनं तिला हात दिला. दोघींची अर्धी तिकिटं काढली आणि खिडकीजवळ बसलो. कोणाच्या शेतात हळद काढलीय, कुठल्या वळणावर विहीर आहे, सगळं ती रस्ताभर बघत होती.

किल्ल्याच्या दरवाजापर्यंत पोचायला आम्हाला खूप वेळ लागला. ती दहा पावलं चालायची, थांबायची. खंदकात पाणी होतं, त्यावर बगळे बसले होते. मी तिला एका दगडावर बसवलं, पिशवीतून तुमची वही काढली आणि मोठ्या उत्साहानं तुमचं वर्णन वाचायला लागले. खंदकाचं, बुरुजांचं. त्या शेवटच्या ओळी आल्या तशी मी एकदम थांबले.

आई म्हणाली, "वाच की पुढं."

"पुढे काही नाही."

"हाय. मला म्हाईत हाय काय लिहिलंय ते. वही टेबलावरच असायची. धूळ पुसताना वाचली व्हती तवाच."

मी विचारलं, "मग? तू काय केलंस?"

"काय करणार? पुढच्या रविवारी पीठ मळलं."

"का पण?"

"वीस माणसं उपाशी फिरली असती. त्यांनी माझं काय वाकडं केलं व्हतं?"

एवढं बोलून ती बगळे बघत बसली. अण्णा, मी तिथे रडले. ती नाही रडली. वीस-बावीस वर्षं तिनं ते पान मनात ठेवलं आणि तुमचे डबे भरले, आणि तुम्ही रोज तिच्या समोर बसून जेवत होतात. एकदाही कसं कळलं नाही तुम्हाला?

आणि माझं काय? तीस वर्षांची असताना माझ्याकडे स्कूटी होती, लॅबमधला पगार होता. मैत्रिणींबरोबर मी सहस्रकुंडाला दोनदा गेले. परत येऊन आईला धबधब्याचे फोटो दाखवले, तिनं चष्मा लावून एकेक फोटो बघितला. "पाणी लई हाय की गं," म्हणाली. तेव्हा मला ऐकू यायला हवं होतं. तुमच्यावर जेवढा राग आहे त्यातला बराचसा माझ्यावरही आहे, आणि तो कोणाला सांगता येत नाही.

परतीच्या एसटीत आईच म्हणाली, "आता मी तुला नेते एका ठिकाणी. लातूरला."

लातूर तिचं माहेर. आणि तुमच्या अख्ख्या वहीत लातूर शहराचं एक पान नाही. औसा आहे, खरोसा आहे, उदगीरचा किल्ला आहे. लातूर शहराचं नाव काढलं की तुम्ही म्हणायचात, "तिथे काय बघायचं? तुरीची पोती?"

महिन्याभरानं गेलो. आजोबा आडतीत मुनीम होते आणि घर गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत होतं, एवढंच मला माहीत होतं. रिक्षातून उतरल्यावर मी तिचा हात धरायला गेले तर तिनं सोडवून घेतला. त्या गोल बाजाराला सोळा रस्ते फुटतात, मला तर सगळे सारखेच दिसत होते. आई एकेका रस्त्याच्या तोंडाशी थांबून सांगत होती. हा भांड्यांचा, हा सराफांचा, इथं दोर आणि घोंगड्या, इथं मिरचीचा ठसका उठायचा म्हणून नाकाला पदर लावून पळायचो. मग ती एका बांगड्यांच्या दुकानासमोर उभी राहिली. गल्ल्यावर पांढऱ्या केसांचे एक कासार बसले होते. त्यांनी चष्म्यातून बघितलं आणि म्हणाले, "मुनीमकाकाची सुमन का गं तू?"

"हाव."

"किती दिसानं आलीस. हात दे इकडं."

"आता मी काय बांगड्या भरू?" आई म्हणाली. तुम्ही गेल्यापासून तिचे हात मोकळेच होते.

"माझ्या दुकानातून पोरगी मोकळ्या हातानं जात नसती," ते म्हणाले. त्यांनी तिचा हात धरला आणि करड्या रंगाच्या चार चार बांगड्या भरल्या. आई नको नको म्हणत होती, पण हात काढून घेत नव्हती.

मग ती म्हणाली, "चल वर." गोलाईच्या वरच्या मजल्यावर जायचा जिना अंधारा आणि उंच पायऱ्यांचा आहे. मी म्हटलं, गुडघ्यांचं काय? ती भिंतीला धरून चढायला लागलीसुद्धा. वर सज्जात पोचल्यावर तिला धाप लागली होती आणि चेहरा घामानं डबडबला होता. खाली मधोमध देवीचं देऊळ आणि चारी बाजूंनी माणसं. तिनं कठड्यावर कोपरं टेकवली.

"शाळा सुटली की मी आन् कमल हितं यायचो. चिंचा खात बसायचो. परगावची माणसं बाजाराला यायची आन् रस्ता चुकायची. कोण चुकणार ते आधीच सांगायचं. जिंकली तिला जास्तीची चिंच."

मी खाली बघत राहिले.

"काय बघलालीस? तो बघ, लाल पिशवीवाला. चुकणार."

तो माणूस देवळाला अर्धी फेरी मारून एका रस्त्यात शिरला, थोड्या वेळानं परत आला, डोकं खाजवलं आणि शेजारच्या रस्त्यात शिरला. तिथूनही परत आला. आई हसायला लागली. तोंडावर हात न धरता, मोठ्यानं हसली. शेजारी उभी असलेली कॉलेजची पोरं-पोरी वळून बघायला लागली. माझ्या बेचाळीस वर्षांत मी तिचं असं हसणं ऐकलं नव्हतं.

"अण्णांना आणलं होतंस कधी इथे?" मी विचारलं.

"लगीन झालं त्या वर्साला म्हटलं व्हतं. चला, एक गंमत दावते. तर म्हणाले, बस चुकंल."

त्या बसनंतर दुसरी नव्हती का, अण्णा?

तर आज सकाळी वाघमारे सर आले. पुस्तकासाठी त्यांनी खूप मेहनत घेतलीय, माणूस चांगला आहे. मध्यंतरी काढून नेलेल्या वहीच्या झेरॉक्सवर पेन्सिलीनं खुणा करून आणल्या होत्या. मी ठरवलं होतं, सरळ नाही म्हणायचं. पण आई चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "छापा. चांगलं लिहिलंय त्यांनी. लोकांनी जावं, बघावं."

सरांना बरं वाटलं. मग जरा चाचरत म्हणाले, "वहिनी, कंधारच्या पानावरच्या शेवटच्या दोन-तीन ओळी तेवढ्या काढतो मी. घरगुती आहेत."

आईनं कप खाली ठेवला. "न्हाई. त्या राहू द्या."

"अहो, पण लोक काय म्हणतील? अण्णांच्या नावाला..."

"त्यांनीच लिहिल्यात. मी न्हाई लिहिल्या."

सर माझ्याकडे बघायला लागले. मी आईकडे बघितलं. आईनं वहीवर हात ठेवला, त्या करड्या बांगड्यांचा हात, आणि म्हणाली, "सगळं छापत असाल तर न्या. न्हाईतर वही हितंच राहील." सरांनी चहा संपवला. मग चष्मा पुसत म्हणाले, "ठीक आहे वहिनी. जसंच्या तसं." आणि वही पिशवीत घातली.

दारापर्यंत पोचवायला गेले तेव्हा ते मला हळूच म्हणाले, "आम्हीही कधी विचारलं नाही गं. वीस वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं." मला त्यांना धीर देता आला असता. दिला नाही.

आता तुम्हाला काय सांगू? होट्टलची ती आरशातली बाई अजून आठवते आणि तुम्ही आठवता. मग ती परात आठवते. दोन्ही माझेच वडील आहेत, आणि मला अजून त्यांचा मेळ बसत नाही. तुम्हाला माफ केलं असं आज लिहिणार नाही. आईनं केलंय की नाही, ते मी तिला विचारलेलं नाही.

एक शब्द मात्र देते. आईला सहस्रकुंड बघायचंय, तुमच्या वहीत लिहिलेल्या महिन्यातच. त्यानंतर उनकेश्वर, त्यानंतर ती म्हणेल ते. दर महिन्याचा एक रविवार तिचा. ती दहा पावलं चालून थांबली की मी थांबेन, आणि परत जायला किती वाजले हे विचारणार नाही. जेवण वाटेतल्या खानावळीत करू.

अजून रागावलेली, तरी तुमचीच,
वंदना