वाऱ्याने लावलेले फोन आणि यादीतले तीन

प्रति,
मा. उपविभागीय अभियंता,
दूरध्वनी केंद्र, गोर्नो ब्रेस्ते

विषय: आमच्या लाइनवरील पल्स डायलिंग बंद न करणेबाबत.
संदर्भ: आपली दि. ११ मार्च २०११ ची नोटीस व सोबतची यादी.

महोदय,

आमच्या फोनवरून महिन्याभरात मदत क्रमांक ११२ ला एकतीस खोटे कॉल गेले, पलीकडे कोणी बोलत नाही, सबब १ एप्रिलपासून आमच्या लाइनवर फक्त टोन चालेल, असे आपण कळवले आहे.

१. याच केंद्रात मी सव्वीस वर्षे ऑपरेटर होते, म्हणून लिहिण्याचे धाडस करते. बटणांच्या फोनमध्ये प्रत्येक आकड्याचे दोन सूर, म्हणजे टोन, वाजतात व केंद्र ते ओळखते. चकतीच्या फोनमध्ये सूर नाहीत. चकती परत फिरताना लाइन तुटते-जुळते, एकाला एकदा, दोनाला दोनदा, आणि केंद्र ते झटके, म्हणजेच पल्स, मोजते. झटका कोणी दिला, हे केंद्राला कळत नाही. आमच्या तारांचे आवरण अक्रोडाच्या फांदीने घासून निघाले आहे. वारा सुटला की तारा एकमेकींना चिकटतात, सुटतात. एक, एक, दोन असे झटके पडले की ११२ लागलाच.

२. लाइनमन श्री. गेन्चो दोनदा आले. "मावशी, तार बदलतो, पण आधी फांदी काढा. अक्रोडाला करवत लावणारा वर्ष काढत नाही म्हणतात. मला लहान पोरी आहेत हो!" असे म्हणून शिडी घेऊन परतले. गावात दुसरे कोणी धजेना. रविवारी मीच चढले. वय अडुसष्ट. तेव्हापासून छाती धडधडते आहे, पण फांदी पडली. आता तरी तार बदलावी.

३. माझे यजमान मिन्चो यांची वाचा व उजवा हात अर्धांगवायूने गेला. आकडे ओळखू येत नाहीत, त्यामुळे बटणे निरुपयोगी. पाच महिने खपून मी त्यांना एकच गोष्ट शिकवली: रिसीव्हर बाजूला ठेवायचा आणि तो जिच्यावर टेकतो ती फोनची खटकी डाव्या हाताने दाबायची; तिनेही चकतीसारखाच झटका पडतो. एकदा, एकदा, दोनदा. पल्स बंद झाली तर तेही गेले.

४. खोट्या कॉलबद्दल माफी मागायला मी ११२ ला फोन केला. तिथल्या बाई हसल्या. "अहो आजी, तुमचा नंबर दिसला की आम्ही समजतो, वारा सुटला!" साहेब, मला त्या हसण्याची भीती वाटते.

५. यादीतील क्र. २३, २४ व २५ पाहावेत. ४ मार्च, सकाळी १०.४० पासून. त्या दिवशी धुके होते, वाऱ्याचा मागमूस नव्हता. मी पावाच्या रांगेत होते. परतले तेव्हा मिन्चो जमिनीवर पडले होते, फोन छातीशी ओढलेला. तिन्ही कॉलपुढे आपल्या यादीत ११२ चा शेरा आहे: "कोणी बोलले नाही. वारा. ठेवला."

हे तीन कॉल खोट्यांतून वगळावेत, आणि आमच्या नंबरावरून कोणी न बोलता फोन आला तर गाडी पाठवावी, असे ११२ ला कळवावे.

मिन्चो वाचले. शनिवारी दवाखान्यातून घरी येतात. सोमवारी मला पावाला जावेच लागेल.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
त्सोंका व्हेलिकोवा
(निवृत्त ऑपरेटर)
दि. १७ मार्च २०११

सोबत: दवाखान्याचा दाखला, तारेवरून निघालेला आवरणाचा घासलेला तुकडा.